बाणवाले भाऊ

भाऊंकडं पेन मागितलं तर पेन मिळत नाही. पेन कुठं आहे ते मिळतं. "माझं पेन ना? डिस्पॅचच्या पोराकडं. निळ्या शर्टाच्या खिशात. आज निळा घातला नसंल तर गुरुवारी माग." टाचणी, डिंक, बसचं वेळापत्रक, डोकेदुखीची गोळी, सगळ्याचं असंच. एकदा महिनाअखेरीला मी पाचशे रुपये उसने मागितले. भाऊंनी खिशाकडं हातसुद्धा नेला नाही. चष्म्यावरून बघत हळूच म्हणाले, "माझ्याकडं नाहीत. पण तुझ्या पलीकडच्या टेबलाला काल ओव्हरटाइमचे मिळालेत, अन् त्यानं घरी अजून सांगितलेलं नाही." ही माहिती पाचशेपेक्षा महागाची होती. मी ती वापरली आणि पैसेही मिळाले, हे इथं कबूल करून टाकतो.

प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असतो. त्याच्याजवळ काहीच नसतं आणि सगळ्याचा पत्ता असतो. नवख्याला वाटतं, हा कामचुकार आहे. तसं नाही. कामचुकार माणूस 'मला काय ठाऊक' म्हणून मोकळा होतो. हा तुम्हाला दोन जिने चढायला लावतो, आणि वर गेल्यावर वस्तू खरोखर तिथं असते. निदान बऱ्याचदा असते.

शेवटची काही वर्षं भाऊंना सगळे बाणवाले भाऊ म्हणत. जालन्यात बाणवाले म्हटलं की समोरचा आधी 'कोणत्या गटाचे?' असं विचारतो. तसलं काही नाही. संगणकाच्या पडद्यावर फायलीच्या चित्राच्या कोपऱ्यात तो वाकडा, चिमुकला बाण दिसतो ना, तो हा. बाण असला म्हणजे ती फाइल नव्हे, फाइल कुठं आहे ते सांगणारी चिठ्ठी. शॉर्टकट. आमच्या कचेरीतल्या प्रणालीत अशा किती चिठ्ठ्या भाऊंनी सोडल्या तो आकडा पुढं येईल. तो मी स्वतः मोजलाय, एका रविवारी, घरचं लग्न सोडून.

आमची कंपनी बियाण्याची. नवीन जालन्यात, मोंढ्याच्या रस्त्याला; खाली गोदामं, वर कचेरी. जालन्यात दगड भिरकावला तर तो एक तर सळईच्या कारखान्यावर पडतो, नाही तर बियाण्याच्या गोदामावर. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, आणि तेव्हापासून या गावानं बी विकायचं मनावर घेतलं ते घेतलंच. 'जालना सोने का पालना' म्हणायची पद्धत आहे. त्या पाळण्यात आम्ही हिशेब लिहितो. नवीन जालना म्हटल्यावर बाहेरगावच्या माणसाला वाटतं, हे परवा-तेरवा वसलं असणार. कुंडलिकेच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवीन, एवढंच. बाकी नवीन जालन्यातही निजामाच्या काळातल्या भिंती दिसतील. म्हणून इथला माणूस 'नवीन' या शब्दाला फसत नाही. आमच्या संगणकावर 'नवीन' नावाचं एक फोल्डर होतं, ते २००६ सालचं. त्याच्या पोटात 'नवीन नवीन'. त्याच्या पोटात काय होतं ते फक्त भाऊंना ठाऊक.

भाऊ मूळचे मुनीमजींच्या हाताखालचे. आताच्या शेटजींच्या वडलांच्या वेळी नुसतं दुकान होतं, लाल कापडात बांधलेल्या वह्या होत्या आणि गादीवर मुनीमजी होते. भाऊ विसाव्या वर्षी तिथं माठ भरायला लागले आणि दोन वर्षांत कीर्द लिहायला. कीर्दीत नोंद झाली की तिच्यापुढच्या अरुंद रकान्यात 'खा. पा.' म्हणजे खाते पान टाकायचं. ही रक्कम खतावणीत कोणत्या पानावर गेली, त्याचा आकडा. खतावणीत उलट कीर्दीचं पान. मुनीमजींचा दंडक असा, की व्यवहाराची हकीकत एकदाच, कीर्दीत लिहायची. बाकी जिथं लागेल तिथं पानाचा आकडा. "हकीकत दोनदा लिहिली की दोन हकीकती होतात," असं ते म्हणत आणि पान खात. मुनीमजी गेले, त्यांची लोखंडी पेटी कचेरीच्या कोपऱ्यात राहिली आणि हे वाक्य भाऊंच्या डोक्यात.

डोक्यातून ते घरात शिरलं. भाऊंच्या स्वयंपाकघरात डब्यांवर भाऊंच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत. गुळाच्या डब्यावर 'गूळ' नाही, 'हरभऱ्याच्या डाळीमागं पाहा' असं आहे. कारण गूळ दुसऱ्या, मुंग्या न लागणाऱ्या डब्यात आहे. मग हा डबा कशाला ठेवला? तर गूळ इथंच शोधायची घरच्यांची सवय आहे म्हणून. मी एकदा वहिनींना विचारलं, "तुम्हाला हे चालतं कसं?" वहिनी चहा गाळत म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा आमच्या बाबांनी विचारलं, पगार किती? तर हे म्हणाले, मुनीमजींना विचारा. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं." चहा बिनसाखरेचा होता. साखर कुठं आहे ते विचारायचा मला धीर झाला नाही.

गावाच्या वाचनालयात भाऊंचं आवडतं पुस्तक मराठी विश्वकोश. त्यातले लेख ते फारसे वाचत नाहीत. लेखाच्या शेवटी 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात, तेवढी वाचतात आणि त्या खंडाकडं जातात. तिथंही शेवट वाचतात. अशा रीतीनं एका संध्याकाळी ते सात-आठ खंड फिरून येतात आणि समाधानानं घरी जातात.

आता कचेरीतल्या मूळ दुखण्याकडं येतो. सोयाबीनच्या लॉटचा उगवण अहवाल हा आमच्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा कागद. लॉटमधले चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभर-शंभरच्या चार वाटण्या करायच्या, ओल्या जाड कागदावर ओळीनं मांडून गुंडाळी करायची आणि आठव्या दिवशी उकलून धडके कोंब किती ते मोजायचं. सोयाबीनला शंभरात किमान ७० लागतात. त्याखाली आलं तर पिशवी विकता येत नाही. हा कागद एक. पण गुणवत्तावाल्याला तो लॉटच्या फोल्डरात हवा, विक्रीवाल्याला पिकाच्या, गोदामवाल्याला हंगामाच्या, मला बी पिकवून देणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्याच्या, आणि कृषी खात्याचे निरीक्षक आले की 'निरीक्षण' फोल्डरात. म्हणून पाचही जणांनी आपापली प्रत करून ठेवलेली. सोयाबीन हे फार नाजूक बी. ठेवणुकीत त्याची उगवण उतरते, म्हणून फेरचाचणी होते. फेरचाचणी झाली, नवा अहवाल एका फोल्डरात गेला, चार तसेच राहिले. निरीक्षकांसमोर एकाच लॉटची उगवण एका पडद्यावर ७८ आणि दुसऱ्यावर ७२ निघाली. दोन्ही आकडे पास. तरी निरीक्षकांनी दोन्ही पडद्यांकडं आळीपाळीनं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "एकच बी दोनदा उगवतं का तुमच्याकडं?"

त्या संध्याकाळी शेटजींनी कागदपत्रांची प्रणाली घ्यायचं ठरवलं.

संभाजीनगरहून एक इंजिनिअर पोरगा आला. पाठीला बॅग, कानात ते पांढरं काहीतरी. त्यानं सगळ्यांना खुर्च्या ओढून बसवलं आणि सांगितलं, "मूळ फाइल एकाच ठिकाणी राहील. बाकीच्या फोल्डरांत तिचे शॉर्टकट. मूळ बदललं की सगळीकडं बदललेलंच उघडेल. प्रत कुणी करायची नाही."

भाऊ खुर्चीतून उठले. "म्हणजे खा. पा.!"

"काका, काय?"

"काही नाही. बोल तू."

त्या दिवसापासून पोरगा जेवायला भाऊंकडं. ही युक्ती तशी जुनीच. युनिक्सवाल्यांकडं आधीपासून होती, मॅकिंटॉशवर १९९१ साली आली, आणि आपल्यासारख्यांना बाणासकट दिसली ती विंडोज ९५ वर. गूगल ड्राइव्हवर एकच फाइल खरोखर दोन-तीन फोल्डरांत नांदायची सोय होती. २०२० च्या सप्टेंबरअखेर त्यांनी ती मोडली आणि एका फाइलीला एकच घर ठेवलं, बाकी ठिकाणी शॉर्टकट. पोरग्यानं हे भाकरी मोडता मोडता सांगितलं. भाऊ म्हणाले, "मुनीमजींना आधी विचारलं असतं तर एवढा वेळ गेला नसता त्यांचा."

पुढं पोरगा म्हणाला, शॉर्टकट दोन जातीचे. एक फाइलीचा मार्ग ध्यानात ठेवतो: अमुक फोल्डर, त्यातलं तमुक, त्यातलं अमकं. मधल्या एका फोल्डरचं नाव बदललं की हा वाट चुकला. दुसरा मार्ग ध्यानातच ठेवत नाही. प्रत्येक फाइलीला प्रणालीनं दिलेला एक लांबलचक क्रमांक असतो, तेवढाच धरतो. फाइल उचलून कुठंही न्या, नाव बदला, तो बरोबर तिथं जातो. आपल्याकडं हा दुसरा आहे.

मला वाटलं, हे भाऊंना कळायला दोन दिवस लागतील. भाऊंनी ताट बाजूला सारलं, आत गेले आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात त्यांचा सातवीचा दाखला, १९७९ चा. गाव: परतूर तालुक्यातलं, जिल्हा परभणी. त्याखाली रेशनकार्ड. गाव तेच, तालुका तोच, जिल्हा जालना. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातले चार तालुके आणि परभणीतला परतूर काढून जालना जिल्हा केला. औरंगाबादचंही आता छत्रपती संभाजीनगर झालं. "मी हाललो नाही," भाऊ म्हणाले, "गाव हाललं नाही. शाळेमागचं लिंबाचं झाड हाललं नाही. मार्ग हालला. आता जुन्या मार्गानं परभणीला जाऊन मला कुणी हुडकलं तर मी सापडीन का? आधारच्या नंबरानं हुडकलं तर?"

पोरगा घास तसाच धरून बघत राहिला. पुण्याला गेल्यावर तो हे उदाहरण स्वतःचं म्हणून सांगतो, असं मला कळलंय.

लॉट एका हंगामात शेकड्यांनी. प्रत्येकाचे चार बाण हातानं, उजवी कळ दाबून करायचे तर दिवाळी उजाडली असती. म्हणून पोरग्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, आणि भाऊंनी तो त्याच्याकडून मराठीत वदवून आपल्या लांब वहीत उतरवून घेतला. ती वही मी पाहिली आहे. त्यात असं आहे: यादीतली ओळ घे. पहिल्या रकान्यात मूळ फाइलीचा क्रमांक, दुसऱ्यात ज्या फोल्डरात बाण हवा त्याचा. त्या फोल्डरात जा. याच मुळाचा बाण तिथं आधीच आहे का बघ. असला तर काही करू नको, पुढची ओळ घे. नसला तर बाण कर, त्याला मुळाचंच नाव दे. झालं की नाही ते तिसऱ्या रकान्यात लिही. ओळी संपल्या की थांब.

यापेक्षा सरळ मराठी आमच्या कचेरीत आजवर कुणी लिहिलेली नाही. आमची परिपत्रकं एकदा बघा म्हणजे कळेल.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा भाऊ संगणकामागं उभे होते, हात पाठीशी बांधून, शेतात पाणी सुटलेलं बघावं तसे. तिसऱ्या रकान्यात 'झालं, झालं, झालं' उतरत होतं. चहा थंड व्हायच्या आत तीनशेच्या वर बाण झाले. भाऊंनी मामा चौकातून सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. पैसे कुणी द्यायचे तेही सांगितलं.

तो मोसम भाऊंचा होता. निरीक्षक आले, त्यांनी पाचही ठिकाणी उघडून बघितलं, पाचही ठिकाणी ७२. त्याच्या पुढच्या साली, २०२३ मध्ये, अंतरवाली सराटीचं आंदोलन झालं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी जुने मोडी अन् उर्दू कागद बस्त्यांतून बाहेर निघाले. चहाच्या टपरीवरसुद्धा 'मूळ नोंद कुठं हाये?' याशिवाय दुसरा विषय नव्हता. भाऊ त्या दिवसांत छाती काढून चालत. "आता कळलं का? कागद असून भागत नाही. तो कुठं हाये ते ठाऊक पाहिजे."

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग पोरग्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला.

भाऊंनी प्रोग्रॅमात पहिली सुधारणा केली. 'बाण आधीच आहे का बघ' हे वाक्य काढून टाकलं. त्यानं वेळ जातो. "नाही हे मला माहीतच हाये ना, मग दरवेळी विचारायचं कशाला?" दुसरी सुधारणा: रोज रात्री दोन वाजता आपोआप चालायला लावला. आता हे दोन्ही एकत्र काय करतं ते हिशेबाच्या माणसाला सांगायला नको. यादी तीच, रात्र नवी. सोमवारी एका अहवालाचे दोन बाण झाले, मंगळवारी तीन. त्यात जालन्याची वीज. मध्येच जायची, आली की प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून पुन्हा. गौरी-गणपती येईतो विक्रीच्या फोल्डरात एकाच लॉटच्या नावाच्या सतरा-सतरा ओळी, प्रत्येकीला बाण. विक्रीवाला म्हणाला, "भाऊ, यातलं कोणतं उघडू?" भाऊ म्हणाले, "कोणतंही. सगळे एकाच घरी जातात."

तिसरी सुधारणा भाऊंच्या प्रतिभेची. बाणाचा बाण. आमच्या प्रणालीला तो चालत होता, हे तिचं दुर्दैव. 'खरेदी' फोल्डरात 'विक्री'चा बाण आणि 'विक्री'त 'खरेदी'चा. शेटजी एका दुपारी खरेदीतून आत शिरले ते विक्रीत निघाले, तिथून आत गेले ते परत खरेदीत. लिनक्स म्हणून एक प्रणाली आहे, ती अशा वेळी चाळीस बाण मोजते आणि हात टेकते. शेटजींनी सातव्याला टेकले.

शिवाय बाण दिसतो म्हणून मूळ उघडतंच असं नाही. मुळाची परवानगी वेगळी असते. डिस्पॅचच्या पोराला पगारपत्रकाचे अकरा बाण दिसायचे, एकही उघडायचा नाही. तो भाऊंना बोलला. भाऊंकडं त्याचंही उत्तर तयार होतं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेलाय. नागपूर ते शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि पुढं २०२५ मध्ये पार मुंबईकडं जोडला गेला, ७०१ किलोमीटर. भाऊंकडं आहे स्कूटर. समृद्धीवर दुचाकीला बंदी. "महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा शॉर्टकट माझ्या जिल्ह्यात हाये," भाऊ त्या पोराला म्हणाले, "पुलाखालून जाताना रोज दिसतो. मी कुणाकडं तक्रार केली का?"

शेवटी मी मोजदाद केली. मूळ फायली अकराशे चाळीस. बाण तेवीस हजार सहाशे बारा. शेटजींनी आकडा दोनदा वाचला आणि एकच शब्द बोलले, "आवरा."

भाऊ रविवारी एकटेच येऊन आवरायला बसले. मनापासून बसले. प्रत्येक फोल्डरात एका लॉटचा एकच ठेवायचा, बाकी काढायचे. असं करत करत ते खरिपाच्या सोयाबीनच्या लॉट-फोल्डरात आले. हे मुळांचं घर. इथं बाण नकोच होते. पण यादीत कधीतरी हेही फोल्डर चुकून लागलेलं, म्हणून इथंही प्रत्येक लॉटच्या नावाचे बारा-तेरा बाण आणि त्यांत एक मूळ. भाऊंनी बघितलं. तेरा जणांना बाण आहे, एकालाच नाही. कळपात एकच गाय बिनशिंगांची असावी तसं ते त्यांच्या डोळ्याला खुपलं. मूळ म्हणजे काय हे जालन्यात ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं, त्या माणसानं त्या फोल्डरातलं प्रत्येक मूळ 'हे चुकून राहिलेलं' म्हणून काढून टाकलं आणि प्रत्येक लॉटचा एकेक बाण नीट ओळीत लावून ठेवला. संध्याकाळी मला फोन केला, "आरशासारखं केलंय."

सोमवारी कुठलाही बाण उघडा, 'मूळ सापडत नाही.' पाचही फोल्डरांत तेच. आणि बुधवारी निरीक्षक येणार.

भाऊ घामानं भिजले. पण गडबडले नाहीत. अहवालाचे कागद प्रयोगशाळेच्या कपाटात होते (कुठल्या फळीवर, ते त्यांनी डोळे मिटून सांगितलं). दिवसभर बसून एकेक स्कॅन केला, तीच नावं दिली, त्याच फोल्डरात ठेवले. रात्री आठला बाण दाबला. 'मूळ सापडत नाही.' नाव तेच, घर तेच. पण प्रणालीनं नव्या फाइलीला नवा क्रमांक दिलेला आणि बाण जुन्या क्रमांकालाच हाका मारतोय. भाऊ खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे तहसिलीत मयताच्या नावावर दुसराच उभा केल्यासारखं झालं हे," ते म्हणाले. "ही बया माणूस ओळखती."

मी पुण्याला फोन लावला. पोरग्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसू दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काका, नव्या फायली काढून टाका. प्रणालीची कचराकुंडी उघडा. जुन्या तिथं असतील, क्रमांकासकट. नुसतं 'परत ठेवा' दाबा."

दाबलं. भाऊंनी श्वास रोखून विक्रीच्या फोल्डरातला पहिला बाण उघडला. ७२. हिशेबातला उघडला. ७२. भाऊंनी पडद्याला हात जोडले. मग त्यांनी लांब वही काढली आणि ते काढून टाकलेलं वाक्य, 'बाण आधीच आहे का बघ', लाल शाईनं पुन्हा जागच्या जागी लिहिलं. खाली सही केली आणि तारीख टाकली. चूक कबूल करायची त्यांची हीच रीत.

गेल्या साली भाऊ अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाले. शाल, नारळ, गणपतीची मूर्ती. दोन शब्द बोला म्हटलं तर म्हणाले, "मी काही केलं नाही. कुणी केलं ते मी सांगत होतो." टाळ्या पडल्या. परतूरकडं गावी घर बांधलंय, तिथं राहायला गेले.

आणि गेल्या महिन्यात मागच्या, दोन नंबरच्या गोदामाची किल्ली सापडेना. दाबलं की बसणारं कुलूप, आत रब्बीच्या हरभऱ्याच्या पिशव्या, बाहेर ट्रक उभा. किल्ल्यांच्या फळीवर दोन नंबरच्या खिळ्याला भाऊंच्या अक्षरातली चिठ्ठी: 'माझ्या कपाटात, वरचा कप्पा पाहा.' वरच्या कप्प्यात चिठ्ठी: 'मुनीमजींची पेटी पाहा.' पेटीचं झाकण दोघांनी मिळून उचललं. लाल वह्यांच्या तळाशी, घडी घातलेली, चिठ्ठी: 'गोदाम क्र. २. दारामागच्या खिळ्याला.'

मी तिथूनच भाऊंना फोन लावला आणि चिठ्ठी वाचून दाखवली. पलीकडं बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मग?" भाऊ म्हणाले.

"भाऊ, किल्ली गोदामाच्या आत आहे."

"हौ. मी काय वेगळं लिहिलंय?"

मोंढ्यातून माणूस बोलावून कुलूप तोडून घेतलं, दीडशे रुपये घेतले त्यानं. दार उघडून मागं बघितलं. किल्ली खिळ्यालाच होती.